पाणी उजव्या हाताला

दोस्तांनो, सायकल चालवता चालवता तुम्ही शेवटचं गाणं कधी म्हटलंत? आठवून बघा बरं! शहरातली मुलं म्हणतील, "बाई, गाणं कसलं म्हणता? मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकायचा, की गाणं म्हणायचं?" खरं आहे तुमचं. पण आपल्या महाराष्ट्रात असेही काही रस्ते आहेत, जिथे गाणं म्हणता येतं आणि गप्प बसलं तर सायकलच्या चेनची कुरकुरसुद्धा ऐकू येते. अशाच एका रस्त्यावर आज मी तुम्हाला घेऊन जाणार आहे. चला, टायरमध्ये हवा आहे ना ते बघा, आणि निघा!

हा रस्ता आहे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या) अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती. मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या घोटीहून बारीमार्गे शेंडी गावात उतरायचं. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. कळसूबाईची उंची माहीत आहे ना? १६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर! घाबरू नका, आपल्याला ते सायकलवरून चढायचं नाही. आपण फक्त त्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या पायथ्यापायथ्यानं फिरणार आहोत. शेंडीहून निघून जलाशयाला वळसा घालून परत शेंडीला यायचं, की साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात.

धरणापासून रतनवाडीपर्यंत

पहाटे शेंडीतून निघालात, की आधी धरण बघून घ्या. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं. पायापासून उंची २७० फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी. इथे अडवलेलं पाणी कालव्यांनी खाली दूरवरच्या उसाला आणि गव्हाला जातं. मी नेहमी मुलांना म्हणते, चहात साखर घालताना या डोंगरांची आठवण ठेवा. तिच्यात थोडा इथला पाऊसही असेल!

आता एक खुबी सांगते. जलाशयाच्या दक्षिण काठानं आधी पश्चिमेकडे जायचं आणि उत्तर काठानं परत यायचं. असं केलं की पाणी जवळजवळ सगळा वेळ उजव्या हाताला राहतं. आपण तर डाव्या कडेनं चालवतो. म्हणजे आपण डोंगराच्या बाजूला आणि उतार पलीकडे. शिवाय सकाळचं ऊन पाठीवर. डोळे दिपत नाहीत आणि पाठही शेकून निघते!

मुतखेल, कोलटेंभे अशी गावं घेत रस्ता रतनवाडीला पोचतो. कधी झाडीत शिरतो, कधी पाण्याजवळ उतरतो. चढ येतात, पण दमवून टाकणारे मोजकेच. गिअरची सायकल असेल तर चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. बिनगिअरची असेल तर सरळ उतरा आणि हातात धरून चाला. यात लाज कसली? चालताना जे दिसतं, ते सायकलवरून दिसत नाही.

रतनवाडीत अमृतेश्वराचं प्राचीन दगडी मंदिर आहे. त्याच्या भिंतीवरचं कोरीव काम आणि जवळची पुष्करणी बघायला अर्धा तास तरी ठेवा. मागे रतनगड उभा. त्याच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक पडलेलं आहे. त्याला म्हणतात नेढं. सुईचं नेढं असतं ना, तेच! प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. पुढे ती नेवाशाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला.

पाण्याची दोन घरं

रतनवाडी सोडली की चढ लागतो आणि साम्रद येतं. तिथून घाटघर. घाटघरला सह्याद्री एकदम संपतो. समोर कोकणकडा, आणि खाली, खूप खाली कोकण! इथे उभं राहून एक विचार करा. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेतून, गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाणार. कड्याच्या पलीकडे पडलेला दुसरा थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला जाणार. दोघांमध्ये अंतर किती? कदाचित तुमच्या सायकलच्या लांबीएवढंच!

इथेच २००८ साली सुरू झालेला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. मागणी कमी असताना उरलेली वीज अशी पाण्याच्या रूपानं साठवून ठेवता येते. आहे की नाही गंमत?

आणि मग उतार...

आता जे सांगणार आहे, ते नीट ऐका. गेल्या डिसेंबरात आम्ही तीन शिक्षक आणि सातवीची अकरा मुलं याच रस्त्यावर होतो. घाटघर सोडलं. डावीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले रांगेत उभे. रस्ता मोकळा, पुढे छानसा उतार. वाहन म्हणाल तर तासाभरात एखादं. मुलं खूश! ओरडत, शिट्ट्या मारत सुटली. सगळ्यांत पुढे होता आमचा एक चपळ गडी. वळण आलं, आणि वळणापलीकडे रस्ताभर गुरं!

त्यानं करकचून ब्रेक दाबला. पण मागच्या ब्रेकचे रबर झिजून गेलेले. पुढचाच लागला, सायकल फिरली आणि स्वारी चारीत. गुडघा फुटला, हाताचं कातडं सोललं. एक वासरू बिथरून पळालं. त्याच्यामागे धावता धावता गुरं राखणाऱ्या आजींची चप्पल तुटली.

मला वाटलं, आता आजी चांगलंच झापणार. त्या परत आल्या, मुलाला उठवलं, आपल्या बाटलीतल्या पाण्यानं त्याचा गुडघा धुतला. मग म्हणाल्या, "पोरा, रस्ता मोकळा दिसतो खरा. पर आमची गुरं बी यावरूनच जात्यात आन् पोरं बी यावरूनच साळंत जात्यात."

कोणी काही बोललं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून वासरू शोधलं. ते सापडायला अर्धा तास लागला. तो मुलगा लंगडत लंगडत सगळ्यांत पुढे होता.

खरं सांगू? चूक त्याच्या एकट्याची नव्हती. निघण्यापूर्वी मी सगळ्यांच्या टायरची हवा पाहिली होती, ब्रेक पाहिले नव्हते. ते माझं काम होतं. आणि "रस्ता रिकामा आहे, जा बिनधास्त!" असं मीच म्हणाले होते.

संध्याकाळी शेंडीत बसून आम्ही एक गणित केलं. ताशी तीस किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. गुरं दिसली आणि ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यातच आठ मीटर संपले! शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर लागतं चौपट. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसेल, तर वेग आधीच कमी करायला हवा. हे गणित तो मुलगा आता कधी विसरणार नाही. मीही नाही.

शांतता कोणाची?

घाटघरकडून परतताना पांजरे, उडदावणे, मुरशेत ही गावं लागतात. शेतं भाताची. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि बायामाणसं गुडघाभर चिखलात वाकून आवणी करतात. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, झाडं काजव्यांनी लखलखतात. हे सारं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. काजव्यांचा प्रकाश म्हणजे त्यांनी एकमेकांना घातलेली साद. गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या तिथे झगमगल्या की ती साद हरवते. त्या दिवसांत आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे मोटारींची रांग लागते. तेव्हा हा रस्ता शांत नसतो.

म्हणून तुम्ही जा ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी या दिवसांत, आणि आडवारी. घंटी वाजवा, पण वळणापाशी. गाणं जरूर म्हणा, पण गाव आलं की हळू. रस्ता शांत आहे, कारण तिथली माणसं शांतपणे जगताहेत. आपण त्यांचे पाहुणे.

निघण्यापूर्वी

• दोन्ही ब्रेकचे रबर बघा. झिजले असतील तर बदला. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा.
• पंक्चरचं सामान, पंप आणि पान्हा जवळ ठेवा. वाटेत सायकलचं दुकान मिळेल अशी आशा धरू नका.
• डोक्यावर हेल्मेट, दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे.
• एकट्यानं जाऊ नका. एक तरी मोठं माणूस बरोबर हवं.
• जलाशयात उतरू नका. काठ निसरडा आणि पाणी खोल असतं.
• नेलेला कागद, पिशवी, बाटली परत आणा.

आम्ही येत्या डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत. त्या मुलानं आत्ताच सांगून ठेवलंय, "बाई, या वेळी सगळ्यांचे ब्रेक मी तपासणार. आणि आजींसाठी चप्पल न्यायची!"