मळ्यांतील तळ्यांत दडलेला मागूर निर्धोकपणें कसा धरावा

अलीकडे बागाइती मळ्यांतून तळीं पुष्कळ झालीं आहेत. २०१६ सालीं राज्य सरकारनें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना सुरू केल्यापासून जेथें पूर्वी केवळ विहीर होती, अशाहि कित्येक मळ्यांत तळें दिसूं लागलें. पाण्याची सोय झाली म्हणजे त्यांत रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडावी, असें साहजिकच मनांत येतें. परंतु कांहीं महिन्यांनीं बोटुकली दिसेनाशी होते, आणि एखादा थोराड मागूर तळाशीं ठाण मांडून बसला आहे असा उलगडा होतो. त्यास धरावयास जावें तों तो सांपडत नाहीं. पाणी मात्र अधिकच गढूळ होतें.

अशा वेळीं माणूस चिडतो व भलतेच उपाय करतो. कोणी पाण्यांत कीटकनाशक ओततो, कोणी विजेची तार सोडतो, कोणी रात्रीं एकटाच तळ्यांत उतरतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, बुडून मेलेल्या इसमांचे पंचनामे आमच्या हातांखालून गेले आहेत. एका माशापायीं तसा कागद कोणाच्याहि घरीं येऊं नये, ह्या हेतूनें हा विषय येथें मांडीत आहों.

माशाचा स्वभाव

मागुरास खवले नसतात. अंग बुळबुळीत व तोंडाभोंवतीं मिशांच्या चार जोड्या असतात. ह्या मिशांनीं तो स्पर्श व चव ओळखून अंधारांतहि भक्ष्य शोधतो. म्हणजे गढूळपणानें अडतो तो माणूस, मासा नव्हे. दिवसां तो कपारींत, बिळांत किंवा गाळांत दडतो व रात्रीं चरावयास निघतो. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस त्यास झाडाच्या फांद्यांसारखें एक जादा श्वसनेंद्रिय असतें. त्यायोगें तो वर येऊन हवेचा घोट घेतो. म्हणूनच पाणी उपसून टाकलें तरी ओल्या गाळांत तो जिवंत राहतो, आणि पावसाळी रात्रीं ओल्या जमिनीवरून सरपटत एका तळ्यांतून दुसऱ्यांत जातो.

दिवसां दडणें, रात्रीं चरणें व हवेसाठीं वर येणें ह्या तीन खोडीच त्यास धरून देतात. सबब त्याच्या मागें धांवूं नये; त्याच्याच संवयीनें त्यास आपल्या हातीं येऊं द्यावें.

जागा हेरणें

सायंकाळीं वारा पडल्यावर कांठावर निमूटपणें बसून पाणी न्याहाळावें. मागूर झर्रकन वर येतो, घोट घेतो व तत्काळ खालीं जातो. पाण्यावर वर्तुळ व थोडे बुडबुडे राहतात. रोहू-कटला पहाटे प्राणवायु कमी पडला म्हणजे तोंडें उघडून वरच रेंगाळतात. हा भेद ध्यानांत ठेवल्यास घोंटाळा होत नाहीं. ज्या बाजूस वर्तुळें वारंवार उठतात त्या कांठावर काठी रोंवून खूण करावी.

धरण्याच्या दोन रीती

पहिली रीत दिवसाची. लपणाऱ्यास लपण्याची जागा आपणच द्यावी. शेतीच्या पाइपाचा सहा इंची व्यासाचा, दोन हात लांबीचा तुकडा घेऊन त्याचें एक तोंड जाळीनें बांधावें, दोन्ही टोंकांस दोरी लावावी आणि खुणेच्या जागीं तळाशीं आडवा सोडावा. तीन-चार दिवस त्यास हात लावूं नये. मग भर दुपारीं उघडें तोंड वर राहील अशा बेतानें दोन्ही दोऱ्या एकदम व सावकाश ओढाव्या. अंधारी पोकळी आवडल्यामुळें मासा बहुधा आंतच असतो.

दुसरी रीत रात्रीची. बांबूच्या कामट्यांचा पिंजरा करावा. त्याचें तोंड आंतल्या बाजूस निमुळतें असावें, म्हणजे आंत गेलेल्यास परत येतां येत नाहीं. आंत सुकट, गांडुळें किंवा कोंबडीचीं आंतडीं चिंधीच्या पुरचुंडींत बांधावीं. पिंजरा कांठाजवळ असा बांधावा कीं त्याचा वरचा भाग चार बोटें पाण्याबाहेर राहील. ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. हवा न मिळाल्यास मागूरहि पाण्यांत गुदमरतो. दिवेलागणीस पिंजरा लावून सकाळीं काढावा. आंत विरोळा किंवा कासव शिरलें असण्याचा संभव असतो, म्हणून न पाहतां हात घालूं नये. पिंजरा घमेल्यांत पालथा करावा.

दोन्ही रीती फसल्या तर पाणी गुडघाभर राहीपर्यंत उपसून ओढजाळें फिरवावें. उपसतांना मोटारीच्या तोंडास बारीक जाळी बांधावी, आणि बोटुकली आधींच दुसऱ्या पाण्यांत हलवावी. ढवळलेल्या गाळांत ती तग धरीत नाहीं.

हाताळण्याची रीत

मागुराच्या दोन्ही बाजूंच्या परांत एकेक कांटा असतो व तो ताठ करून ठेवण्याची त्यास कला असते. त्यावर ओलें गोणपाट टाकून डोक्यामागें पकडावें. त्याच्यासारखीच दिसणारी शिंगी असल्यास विशेष जपावें. तिचा कांटा विषारी असून वेदना असह्य होते. कांटा लागल्यास जखम धुवावी, सोसवेल इतक्या गरम पाण्यांत तो भाग अर्धा तास बुडवून ठेवावा (पाण्याचा ताव दुसऱ्या हातानें पाहावा), आणि डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताची सुई घ्यावी.

काय करूं नये

विजेची तार पाण्यांत सोडूं नये. पाण्यांत उतरण्यापूर्वी मोटारीचा प्रवाहहि बंद करावा. कीटकनाशक ओतूं नये. तें पाणी गुरें पितात व भाजीस जातें. प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्याचा उतार ओला झाला म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यासहि वर येऊं देत नाहीं. म्हणून एकट्यानें कधींहि उतरूं नये. गांठी मारलेला दोर कांठाच्या खुंट्यास बांधून पाण्यांत सोडलेला असावा, व हवा भरलेली ट्यूब जवळ असावी.

तळें मोकळेंच करावयाचें असेल तर मोहाची पेंड दर लाख लिटर पाण्यास २५ किलो ह्या प्रमाणांत टाकतात. तिनें सर्वच मासे मरतात, व तीन आठवडे तें पाणी गुरांस पाजूं नये किंवा त्यांत नवें बीज सोडूं नये.

धरल्यावर काय

देशी मागूर सहसा फुटाहून फार मोठा होत नाहीं. तो खाण्यास उत्तम. बोटुकली नसलेल्या हौदांत झांकण घालून ठेवावा. कित्येक किलो वजनाचा व हातभराहून लांब निघाल्यास तो बहुधा आफ्रिकी मागूर समजावा. लोक त्यास थाई मागूरहि म्हणतात. दुसऱ्या माशांचा तो संहार करतो, म्हणून त्याच्या पैदाशीस व विक्रीस आपल्या देशांत बंदी आहे. २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें ह्याविषयीं आदेश दिला, व त्यानुसार महाराष्ट्रांत असे साठे नष्ट करण्यांत आले. असा मासा ओढ्यांत किंवा नदींत सोडणें म्हणजे आपल्या मळ्यांतील चोर साऱ्या गांवाच्या मळ्यांत धाडणें होय. तो मारून पुरावा, आणि जातीबद्दल शंका असल्यास तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांस दाखवावा.

पुढील बंदोबस्त

मागूर येतो दोन वाटांनीं: पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्याबरोबर, किंवा विकत आणलेल्या बीजांत मिसळून. पहिलीसाठीं पाणी येण्याच्या तोंडास बारीक जाळी व बांधावर हातभर उंचीचें जाळीचें कुंपण करावें. दुसरीसाठीं बीज सोडण्यापूर्वीं थोडेंथोडें पांढऱ्या थाळींत घेऊन मिशांचीं पिलें निवडून काढावीं. घटकाभराचें हें काम आहे. परंतु तें टाळल्यानें पुढें महिनोन्महिने तळ्याकांठीं बसावें लागतें. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं आमच्या कृषीवल बंधूंनीं आपापल्या तळ्याचीं तोंडें एकवार पाहून घ्यावीं, एवढीच विनंति.