स्वीडिश वाणींतील मात्रा आणि सूर

ह्रस्वदीर्घाच्या चुका शुद्धलेखनाच्या वहींतच काय त्या होतात, असा आपल्याकडे समज आहे. स्वीडिश भाषेंत मात्र ही चूक जिभेनें होते व अर्थाचा अनर्थ करते. तेथें ‘ताऽक’ म्हणजे छप्पर, तर ‘तक्क’ म्हणजे आभार. ‘ग्लाऽस’ म्हणजे कांच, तर ‘ग्लस्स’ म्हणजे आइसक्रीम.

मौज अशी, कीं आघाताचा स्वर दीर्घ असला तर पुढील व्यंजन आंखूड राहतें, आणि स्वर ह्रस्व असला तर व्यंजनच लांबतें. शिवाय ‘ताऽक’मधील स्वरास जीभ मागें जाते व ओठ किंचित् वाटोळे होतात; ‘तक्क’मध्यें जीभ पुढें येते. तेव्हां दीर्घत्व म्हणजे नुसतें रेंगाळणें नव्हे. मुखाची हालचालच तेथें निराळी असते.

आतां सुराकडे वळूं. ‘आन्देन’ हा शब्द एका सुरांत म्हटला तर त्याचा अर्थ बदक, दुसऱ्या सुरांत म्हटला तर आत्मा! स्टॉकहोमच्या बोलींत पहिल्या प्रकारीं सूर आघाताच्या स्वरापूर्वींच उतरलेला असतो. दुसऱ्या प्रकारीं तो त्या स्वरापासून उतरूं लागतो. हा भेद मुख्यतः वेळेचा आहे, हें यॉस्टा ब्रूस यांनीं लुंड येथील आपल्या १९७७ च्या प्रबंधांत दाखविलें.

येथेंच मात्रा व सूर यांची गांठ पडते. सूर उतरण्यास अवकाश लागतो. दीर्घ स्वरांत तो पुरेसा असतो. ह्रस्व स्वरांत उरलेली उतरण पुढील ‘न’, ‘ल’ अशा घोष व्यंजनावर पुरी होते. परंतु पुढें ‘क’ किंवा ‘त’ आला, कीं स्वरतंतूंचें कंपन थांबतें, आणि सुरास घाई तरी करावी लागते, नाहीं तर मध्येंच तुटावें लागतें. जीभ व कंठ यांचा हा मेळ पाहण्यासाठीं लुंडचे संशोधक जिभेस व ओठांस सूक्ष्म संवेदक चिकटवून चुंबकीय क्षेत्रांत त्यांची गति मोजतात.

वेदपाठाच्या परंपरेंत वाढलेल्यांस हें नवल वाटूं नये. पाणिनीनें ह्रस्व-दीर्घ-प्लुत आणि उदात्त-अनुदात्त-स्वरित हे भेद वेगवेगळेच सांगितले आहेत, आणि ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकल्यानें यजमानाचाच घात झाल्याची कथा सर्वश्रुत आहे. अर्थात् स्वीडिश सूर हे वैदिक स्वरांचे वंशज नव्हेत. ते स्कॅंडिनेव्हियांतच मागाहून घडले.

फिनलंडमधील स्वीडिश बोलींत हा सुरांचा भेद बहुतेक नाहींसा झाला आहे. मात्रांचा मात्र टिकून आहे, आणि त्या लोकांचें बोलणें स्टॉकहोमांत समजतें. म्हणून ज्यांचीं मुलें तिकडे नोकरीस वा शिक्षणास जात असतील, त्यांस आमचें सांगणें एवढेंच : सूर हळूहळू कानीं बसेल, मात्रा मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळावी. नाहीं तर आभार मानतांना छप्परच तोंडीं यावयाचें!