घंटेवांचून अभ्यास

आमचें ओझर कुकडी नदीच्या कांठीं वसलेलें आहे. विघ्नहराच्या देवळाची घंटा आणि शाळेची घंटा, या दोहोंवर गांवाचा दिवस चाले. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें टाळेबंदी आली आणि दोन्ही घंटा मुक्या झाल्या. देवळाचीं दारें १६ नोव्हेंबर रोजीं उघडलीं. शाळेचीं मात्र त्यानंतरही कधीं उघडत, कधीं मिटत राहिलीं. माझी नात त्या वर्षीं दहावींत होती.

पुस्तकें होतीं, मोबाईलवर पाठ येत होते, आणि वेळ तर अमाप होता. तरी पोरीचा अभ्यास होईना. ती रात्रीं जागे आणि दिवसा निजे. मीं, जुन्या मास्तरास साजेल असें, आळसावर व्याख्यान दिलें. ती म्हणाली, "आबा, सारा दिवस माझाच आहे, मग आत्तांच कां बसायचें?" पस्तीस वर्षें शिकवूनही मला त्या क्षणीं उत्तर सुचलें नाहीं.

विचार करितां ध्यानांत आलें कीं, शाळा केवळ धडे देत नाहीं. ती दिवसाचे भाग पाडून देते. घंटा झाली कीं मन तयार असो वा नसो, मूल वही उघडतें आणि थोड्या वेळानें रमतें. उत्साहाची वाट पाहणारा अभ्यासास बसतच नाहीं. उत्साह बहुधा कामाच्या मागून येतो. घरीं उणीव असते ती घंटेची.

येथें लोकमान्य टिळकांचें स्मरण होतें. १९०८ ते १९१४ पर्यंत ते मंडालेच्या तुरुंगांत होते. मधुमेहाची व्याधि, परका मुलूख आणि एकांत! अशा स्थितींत १९१०-११ च्या हिवाळ्यांत, अवघ्या कांहीं महिन्यांत, त्यांनीं 'गीतारहस्य' शिसपेन्सिलीनें लिहून काढलें. पुढें कोणती परीक्षा थोडीच होती! त्यांची बुद्धि आपण कोठून आणणार? पण वाचनाची, लेखनाची आणि विश्रांतीची वेळ बांधून घेणें कोणासही साधण्यासारखें आहे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळीं सात वाजतां मी पितळी थाळी वाजवूं लागलों. प्रथम अर्धा तास अंगणांत फिरणें. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला कीं देहाचें झोपेचें घड्याळ ताळ्यावर येतें. रात्रीं मोबाईलचा उजेड तें बिघडवितो. मग अर्धापाऊण तास अभ्यास, आणि नंतर उठून दूरच्या झाडांवर नजर टाकणें. शेवटीं पुस्तक मिटून, शिकलेलें मला सांगणें. पुनःपुन्हां वाचल्यानें धडा ओळखीचा वाटतो, परंतु आठवून सांगूं लागलें म्हणजेच तो आला कीं नाहीं तें कळतें. माझा चष्मा हातीं घेऊन तिनें मला भिंगें शिकविलीं. जेथें अडली, तेथें तिची चूक तिलाच दिसली. मी शेजारीं माझें पुस्तक घेऊन बसें. व्याख्यानें बंद केलीं.

एक इशारा देतों. मूल पंधरा दिवस उदास राहिलें, अन्नावरची वासना आणि झोप उडाली, तर त्यास आळस म्हणूं नये, डॉक्टरांकडे न्यावें.

एप्रिल २०२१ मध्यें दहावीची परीक्षाच रद्द झाली. आतां पोरगी कशास उठेल, असें वाटून दुसऱ्या दिवशीं मीं थाळी वाजविली नाहीं. सात वाजले, आणि ती स्वतःच थाळी घेऊन माझ्यापुढें उभी राहिली. "आबा, आज विसरलांत?"

शाळा आतां उघडल्या आहेत. तरी आजारपणांत किंवा परीक्षेच्या सुटींत घरीं बसून शिकण्याचा प्रसंग प्रत्येक घरीं येतो. त्या वेळीं मुलाला उपदेश थोडा करावा, वेळ नेमून द्यावी, आणि त्या वेळीं आपणही त्याच्याजवळ बसावें.