विमानाचे पाय

विमान म्हटले की आपली दृष्टी आधी पंखांकडे जाते. परंतु उड्डाणाचा शेवट जमिनीवरच व्हावयाचा असतो, आणि त्या घटकेला वैमानिकाची सारी मदार पायांवर असते. म्हणून आज आपण पंख सोडून पायांचाच विचार करू.

१९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान जुन्या घडणीचे. या घडणीत दोन मोठी चाके पुढे असतात. शेपटाखाली एक इवलेसे चाक किंवा नुसती घासपट्टी. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो, म्हणून विमान शेपटावर टेकून उभे राहते. खोड आहे ती इथेच. धावताना विमान जरा तिरके झाले की मागचे वजन बाहेर फेकले जाते, तिरकेपणा वाढतो, आणि वेळीच न सावरल्यास विमान जागच्या जागी गरकन फिरते. त्यात पाय मोडतो, पंख जमिनीला घासतो.

आता उतरतानाचा धक्का कोणी सोसायचा? अमेरिकेतील पायपर कब या विमानात पोलादी नळ्यांचे पाय बिजागरीवर हलतात आणि रबरी दोरांचे वेढे त्यांना आवरून धरतात. योजना स्वस्त आणि हलकी. पण रबर कालांतराने मरते, ते वेळेवर बदलावे लागते. एरोंका चँपियनमध्ये हे काम तेलाचा दट्ट्या करतो. तेल बारीक छिद्रातून रेटले जाते, धक्क्याचे रूपांतर उष्णतेत होते आणि विमान फारसे उसळत नाही. मात्र तेल गळले की हा गुण संपला.

स्टीव्ह विटमन या शर्यतीच्या वैमानिकाने तिसरी वाट काढली: पोलादाची एकच लवचीक पट्टी हाच पाय. त्यात बिजागरी नाही, रबर नाही, तेल नाही. सेसना कंपनीने १९४६ मध्ये आपल्या १४० या विमानाला हाच पाय दिला. पण कमान घेतलेला धक्का बव्हंशी परतही करते. हात कच्चा असला की विमान चेंडूसारखे उसळते.

याच विमानाने आणखी एक धडा शिकविला. ब्रेक जोरात दाबला की त्याचे नाक जमिनीत जाई. म्हणून चाके थोडी पुढे नेणारे जोड बसविण्यात आले, आणि नंतरच्या विमानांचे पायच पुढे झुकविले गेले. नाक वाचले; पण चाके जितकी पुढे, तितका मागच्या वजनाचा जोर अधिक, आणि गरकन फिरण्याची भीतीही अधिक. एक भय कमी करावे तर दुसरे वाढते. पुढे १९५६ च्या सेसना १७२ मध्ये तिसरे चाक नाकाखाली आले, वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या पुढे गेला, तेव्हा ही जुनी खोड मोडली.

तरीही जुनी विमाने आजही उडतात. ती हाती घेणाऱ्याने इंजिनाची चौकशी जरूर करावी. पण त्याआधी खाली वाकून पाय पाहावेत. रबर, तेल की पोलाद, एवढे कळले म्हणजे ते विमान उतरताना काय मागणार, हे निम्मे कळले.