श्रावण पाळला म्हणजे दारू सुटली?

आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, वाइन शॉपसमोर रांग लागते. दुसऱ्या दिवसापासून त्या रांगेतले कित्येक जण महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. काही जण तर थेट गणपती विसर्जनापर्यंत ताणतात. मग घरात विषय निघाला की उत्तर तयार असतं : "मी अख्खा श्रावण पाळतो. व्यसन असतं तर जमलं असतं का?"

या युक्तिवादापुढे घरचे गप्प बसतात. पुढे कधीतरी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली जाते, ती मोडते, कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतं, कुणी लग्न लावून द्यायला सांगतं. आणि डॉक्टरकडे जायची वेळ येते तेव्हा दहा-पंधरा वर्षं निघून गेलेली असतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या साधारण ५ कोटी ७० लाखांना तिचा त्रास होतो किंवा ते तिच्यावर अवलंबून आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कधी काही उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांच्या वाटेत सोयींचा अभाव आहेच, पण गैरसमजही तितकेच आडवे येतात.

गैरसमज : महिनाभर सोडता येते, म्हणजे व्यसन नाही.

वस्तुस्थिती : व्यसनाचं निदान किती दिवस सोडली यावर होत नाही. डॉक्टर साधारण सहा गोष्टी बघतात : पिण्याची अनावर ओढ, सुरू केल्यावर आवर घालता न येणं, बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, पूर्वीइतकीच नशा यायला जास्त लागणं, बाकी सगळं मागे पडून दिवस त्याभोवतीच फिरणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. वर्षभरात यातल्या तीन किंवा अधिक गोष्टी एकत्र दिसल्या तर ते अवलंबित्व मानलं जातं.

श्रावण पाळणाऱ्याने स्वतःला वेगळा प्रश्न विचारायला हवा. श्रावण संपल्यावर दोनच पेग घ्यायचे ठरवून बसलो, तेव्हा दोनावर थांबलो का?

गैरसमज : बिअर म्हणजे दारू नव्हे.

वस्तुस्थिती : हिशेब मांडला की हा गैरसमज टिकत नाही. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २६ मिली. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची. त्यात आठ टक्के अल्कोहोल धरलं, तर ते होतं ५२ मिली. म्हणजे एक बाटली बिअर बरोबर दोन लार्ज पेग. शनिवारी मित्रांबरोबर तीन बाटल्या 'फक्त बिअर' घेणाऱ्याच्या पोटात सहा लार्ज गेलेले असतात. देशी, हातभट्टी, व्हिस्की किंवा वाइन, यकृताला ब्रँड कळत नाही.

गैरसमज : मनावर घेतलं की सुटते. सुटत नाही तो मनाचा कच्चा.

वस्तुस्थिती : अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६मध्येच दारूच्या व्यसनाला आजार म्हणून मान्यता दिली. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत आहेत. सततच्या नशेने मेंदूतली सुखाची आणि प्रेरणेची यंत्रणा बदलते. जेवण, गप्पा, मुलांचं हसणं यांतून मिळणारा आनंद फिका पडतो आणि नशेची आठवण करून देणारी साधी गोष्टही ओढ लावते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा अनुवंशिकतेचा असतो.

उरलेला वाटा परिस्थितीचा. याचं सर्वांत बोलकं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. तिथल्या अमेरिकन सैनिकांना शुद्ध आणि स्वस्त हेरॉइन सहज मिळत होतं. १९७१मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने केला, तेव्हा जवळपास पाचातला एक जण तिथे व्यसनाच्या आहारी गेला होता असं आढळलं. ही फौज घरी आल्यावर काय होणार, या धास्तीत सरकार होतं. प्रत्यक्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले सुमारे पाच टक्के. इच्छाशक्ती तीच होती. जागा, सोबत, ताण आणि माल मिळण्याची सोय मात्र बदलली होती.

महाराष्ट्रातल्या गावोगावी हे वेगळ्या रूपात दिसतं. माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं बहुतेकांच्या ओळखीत असतात. श्रेय संकल्पाला दिलं जातं आणि त्याचा वाटा आहेच. पण माळेबरोबर संध्याकाळ बदलते. गुत्त्याच्या वेळेला भजन असतं, एकादशी असते, वारीची तयारी असते, दिंडीतली माणसं घरी येऊ लागतात आणि जुने सोबती हाक मारायचं सोडून देतात. ज्याने नुसती शपथ घेतली, त्याची सातची वेळ रिकामीच राहते.

गैरसमज : सोडायची तर एका झटक्यात, घरातच.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या दाबाविरुद्ध सतत जास्त जोर लावायची सवय झालेली असते. दारू अचानक थांबली की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात, ताप चढतो, नाडी धावते. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि रुग्णालयाऐवजी देवऋषी गाठला जातो. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू होऊ शकतो.

रुग्णालयात हेच चार-पाच दिवस औषधांचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवत निभावता येतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते घटलेलं असतं आणि त्याच्या अभावाने स्मृतीला कायमची इजा होऊ शकते. याउलट ब्राउन शुगरच्या रुग्णांची 'टर्की', म्हणजे नशा अचानक बंद केल्यावरचा त्रास, सहन करायला भयंकर असते. अंग मोडून निघतं, उलट्या-जुलाब होतात. तरी धडधाकट माणसात ती सहसा प्राणघातक नसते. ज्या दारूला समाज सौम्य मानतो, तिचं अचानक थांबणं जास्त धोक्याचं आहे.

गैरसमज : 'रुग्णाच्या नकळत' दारू सोडवणारी पावडर असते.

वस्तुस्थिती : भिंतींवर आणि एसटी स्टँडच्या मुताऱ्यांवर ही जाहिरात दिसते. नकळत दारूची ओढ घालवणारं औषध अस्तित्वात नाही. डायसल्फिराम नावाचं एक औषध मात्र आहे. दारूचं शरीरात विघटन होताना तयार होणारं विषारी द्रव्य ते साचू देतं. गोळी चालू असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. आमटीत कालवलेल्या पावडरीत असलं काही निघालं आणि हृदयविकार असलेल्या माणसाने वर क्वार्टर घेतली, तर काय होईल हे सांगायला नको. ओढ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही त्यांतली दोन, पण तीही डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची.

गैरसमज : केंद्रात महिनाभर ठेवलं की माणूस बरा होऊन येतो. परत प्यायला तर पैसे पाण्यात.

वस्तुस्थिती : पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची गोष्ट इथे उपयोगी पडते. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलेल्या लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ला हे केंद्र उभं राहिलं. ते घडवलं मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. पण पुढचा भाग त्याहून मोठा : फॉलोअप, गटातलं शेअरिंग, घरच्यांच्या बैठका. तिथे समुपदेशक म्हणून काम करणाऱ्यांत एकेकाळचे रुग्णही असतात. नव्याने आलेला माणूस थापा मारू लागला की त्यांना दुसऱ्या वाक्याला कळतं, कारण त्याच थापा त्यांनीही मारलेल्या असतात.

मधुमेहात साखर पुन्हा वाढली तर कुणी डॉक्टर बदलत नाही की रुग्णाला नालायक म्हणत नाही, औषध-पथ्य नव्याने बसवलं जातं. व्यसनातही उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाणही याच्या जवळपासच आहे.

खुद्द अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए'ची जन्मतारीख एका घसरणीनंतरची आहे. मे १९३५मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. धंद्याचा सौदा फिसकटला होता, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलच्या बारमधला आवाज कानावर येत होता. त्याने हॉटेलच्या लॉबीतली चर्चची यादी पाहून तिथल्या लोकांना फोन लावले : बोलायला एखादा दारुडा हवाय. त्यातून गाठ पडली बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. पंधराच मिनिटं बसेन म्हणून आलेला डॉक्टर बॉब सहा तास बोलत बसला आणि त्याने दारू सोडली. पुढच्याच महिन्यात एका वैद्यकीय अधिवेशनाला गेला आणि तिथे पुन्हा भरपूर प्यायला. परतल्यावर त्याला एक शस्त्रक्रिया करायची होती. हात थरथरू नयेत म्हणून त्या सकाळी बिलनेच त्याला एक बाटली बिअर दिली. ती त्याची शेवटची दारू. एएच्या नोंदीत तो दिवस आहे १० जून १९३५ आणि तोच संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. बॉब १९५०मध्ये वारला, तोवर त्याने पुन्हा दारूला स्पर्श केला नाही.

एका बाबतीत मात्र घसरण खरोखर घातक ठरते. हेरॉइन किंवा ब्राउन शुगर काही आठवडे बंद राहिली की शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडून जुन्याच मात्रेत घेतली तर श्वास थांबू शकतो. घरच्यांनी पहिल्या काही आठवड्यांत जास्त सावध राहायला हवं ते यासाठी.

गैरसमज : लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.

वस्तुस्थिती : जबाबदारीने व्यसन बरं होत नाही, एका मुलीचं आयुष्य मात्र त्यात ओढलं जातं. पुढे तीच सकाळी साहेबांना फोन करून "यांना ताप आहे" सांगते, उधारी चुकवते, मुलांना गप्प करते. हेतू घर सावरण्याचा असतो. पण परिणामांची झळ पिणाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि पिणं चालू राहतं. म्हणून उपचार घरच्यांचेही लागतात. व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' १९५१मध्ये सुरू झालं, त्यात बिलची पत्नी लोइसचा पुढाकार होता. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. तिथे बाईला पहिली गोष्ट समजते ती ही की, तो तिच्यामुळे पीत नाही.

आणि व्यसन पुरुषांनाच असतं असंही नाही. महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत. दारूच्या बाबतीत बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं आणि यकृताचं नुकसानही लवकर होतं. बदनामीच्या भीतीने त्या उपचारांना मात्र उशिरा पोचतात.

गैरसमज : मार बसल्याशिवाय सुधारत नाही. आणि गर्दुल्ला उपचारांना गेला तर पोलिस उचलतील.

वस्तुस्थिती : २०१७च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आहे. मारहाण करणारं केंद्र उपचार करत नाही, गुन्हा करतं. पोलिसांची भीती बहुतेकदा अनाठायी असते. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या आणि सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

काय करायचं?

माणूस रस्त्यावर येईपर्यंत थांबू नका. नोकरी, घर आणि यकृत शाबूत असताना सुरू केलेल्या उपचारांना धरायला काहीतरी असतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ टोल-फ्री आहे आणि घरचेही तिथे फोन करू शकतात. एएच्या मीटिंगला फी नसते. निवासी केंद्र निवडायचं असेल तर चार प्रश्न विचारा : मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय व्यवस्था आहे, घरच्यांसाठी बैठका होतात का आणि बाहेर पडल्यावर फॉलोअप किती काळ असतो. यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर दुसरं केंद्र बघा.