सहावीतली दुभाषी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. पुण्यातल्या बांधकामांवर राबणाऱ्या, गुलबर्ग्याकडच्या लमाणी बायका त्या दिवशी शाळकरी पोरींना सोबत आणतात. मीही त्यांच्याबरोबर रांगेत बसते.

परवा सहावीतली एक मुलगी केसपेपर धरून आईच्या खुर्चीमागे उभी होती. डॉक्टरबाईंनी आधी हिंदीत विचारून पाहिलं. २०११च्या जनगणनेत लमाणी मातृभाषा सांगणारे ३२ लाखांवर लोक हिंदीतच मोजले गेले. या आईला मात्र हिंदीतलं काही उमगेना. मग मुलगी पुढे सरकली.

"लाल गोळ्या रोज घेते का, विचार."

"याडी," म्हणत मुलीनं विचारलं. आई पोटावर हात फिरवत, तोंड वाकडं करत बराच वेळ बोलली. मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "हो, घेते."

हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

बाहेर आल्यावर मी खोदून विचारलं. गोळीनं मळमळतं म्हणून आईनं त्या कधीच सोडल्या होत्या. आईला चारचौघांत बोलणी बसतील, म्हणून पोरीनं ते गिळलं. मी दोघींना परत आत नेलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि विचारलं, "अंगावरून काही जातं का?" मुलगी खाली बघत राहिली. शेवटी सिस्टरनं आईला बाजूला घेऊन खाणाखुणांनी विचारलं.

औषधाच्या खिडकीशी मात्र पोरगी खमकी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नाही, हे तिनं आईकडून दोनदा वदवून घेतलं. मग कॅल्शियमच्या पाकिटाचा कोपरा दुमडला आणि आईचं बोट धरून त्यावरून फिरवलं. खिडकीतल्या माणसानं तिला शाबासकी दिली. ती तिच्या हक्काचीच. पण दवाखान्याचं काम तिच्या हुशारीवर भागवणं मला मुळीच पटत नाही. अमेरिकेनं २०१६च्या आरोग्य नियमांत, जिवावरचा प्रसंग सोडला तर, अल्पवयीन मुलांना दुभाषी करायला मनाई केली. आपल्याकडे तर मराठी आणि लमाणी दोन्ही सफाईनं बोलणाऱ्या बायका तांड्यातांड्यांवर आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांतली एक मानधन देऊन डॉक्टरांशेजारी बसवायला काय हरकत आहे? ९ तारखेला शाळा असली, की हजेरीपटावर या मुलीचा खाडा ठरलेला.