संत्र्याचा ताण

‘ताण’ हा शब्द आज आपण बहुधा मनासाठी वापरतो : परीक्षेचा ताण, नोकरीचा ताण. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रापट्ट्यात, बोरगावच्या आसपास ‘बाग ताणावर आहे’ असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ बागेचे पाणी मुद्दाम तोडले आहे, असा होतो. येथे ताण ही क्रिया आहे. ती ‘देतात’ आणि वेळ आली की ‘तोडतात’.

संत्र्याचे झाड सदाहरित असते. पाणी मिळत राहिले तर ते पालवीवर पालवी काढत राहते आणि फुले थोडीथोडी, केव्हाही येतात. बहार एकदम यावा म्हणून झाडाला विश्रांती द्यावी लागते. हिवाळ्यातल्या ताणानंतर, आंब्याच्या मोहराच्या सुमारास येतो तो आंबिया बहार. उन्हाळ्यातल्या ताणानंतर, मृगाच्या पावसावर येतो तो मृग बहार.

ताणात झाड नेमके काय करते? माती कोरडी होऊ लागल्याचे मुळांना प्रथम कळते. झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि त्याच्या इशाऱ्याने पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटतात. बाष्प वाचते, पण त्याच रंध्रांतून येणारा कर्बवायूही अडतो. नवी वाढ थांबते. मात्र वाढ जितक्या लवकर थांबते, तितक्या लवकर अन्न तयार होणे थांबत नाही. म्हणून न खर्चलेले अन्न फांद्यांत साठत जाते. पेशींत प्रोलीनसारखी द्रव्ये वाढतात व उरलेले पाणी धरून ठेवतात. जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात. बाहेरून बाग उदास दिसते, पण याच काळात डोळ्यांची पालवीकडून फुलांकडे वळण्याची तयारी होत असते.

मात्र या सहनशक्तीला मर्यादा आहे. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो; भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून उशीर लागतो. ताण लांबला तर पानगळ अती होते, फांद्या शेंड्याकडून वाळतात. अशा वाळलेल्या काड्यांना बागाईतदार ‘सल’ म्हणतात. मनात राहणाऱ्या दुखण्यालाही मराठीत हाच शब्द आहे. लहान किंवा आजारी झाडाला जाणता शेतकरी ताण देत नाही. ताण तोडतानाही तो एकदम भरपूर पाणी सोडत नाही. आधी हलके आंबवणीचे, मग चिंबवणीचे पाणी देतो.

या साऱ्या व्यवस्थेला खरा धोका अवकाळी पावसाचा आहे. ताणाच्या दिवसांत एक जोरदार सर आली की माती ओलावते, झाड पुन्हा पालवीवर जाते आणि बहार फुटतो किंवा हुकतो. त्या बहारावर घराचे वर्षभराचे गणित अवलंबून असते.

पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. इथल्या अनेक घरांत मराठी बोलली जाते, पण मुले शाळेत हिंदीतून शिकतात. वनस्पतीचा ताण हा विज्ञानाचाही विषय आहे. बागेत त्याच विषयासाठी ताण, बहार, सल, आंबवणी, चिंबवणी असे शब्द तयार आहेत. शिक्षकांनी वनस्पतींविषयी शिकवताना हे शब्द फळ्यावर लिहावेत. विद्यार्थ्याला विज्ञान लवकर समजेल, आणि वडिलांच्या बोलण्यात किती निरीक्षण साठलेले आहे, हेही कळेल.